एक्समूरचे तट्टू: खडकाळ माळावर काटक घोड्यांची पैदास कशी होते?

इंग्लंडच्या नैऋत्येला, सॉमरसेट आणि डेव्हन या दोन परगण्यांच्या सीमेवर, एक्समूर नावाचे उंच पठार आहे. झाडे कमी, वारा भरपूर आणि पाऊस त्याहून जास्त. पठाराच्या उंच भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सर्वांत उंच जागा, डंकरी बीकन, समुद्रसपाटीपासून ५१९ मीटरवर आहे. आपल्या सह्याद्रीच्या हिशेबाने ही उंची किरकोळ वाटेल. पण समुद्रावरून थेट येणारा थंड वारा, हिवाळ्यातले धुके, अधूनमधून पडणारा बर्फ आणि आम्लधर्मी, पाणथळ जमीन यांमुळे इथे शेती फारशी पिकत नाही. उगवते ते राठ गवत, हेदरची बुटकी झुडपे, नेचा आणि गॉर्स नावाचे काटेरी झुडूप.

या माळावर गोठा, पेंड, झूल यांपैकी काहीही न देता वर्षभर उघड्यावर राहणारी तट्टांची एक जात आहे. तिचे नाव एक्समूर पोनी. घोड्या माळावरच वितात, शिंगरे माळावरच वाढतात आणि वर्षातून एकदाच, शरद ऋतूत, माणसे त्यांना गोळा करून खाली आणतात. हे घोडे रानटी दिसतात, पण रानटी नाहीत. प्रत्येक कळपाला मालक आहे, बहुतेक घोड्यांच्या आईबापांची नोंद आहे आणि कुठल्या घोडीजवळ कुठला नर सोडायचा हे माणूसच ठरवतो. माळावरची पैदास म्हणजे निम्मे काम निसर्गाचे आणि निम्मे माणसाचे. ही वाटणी कशी चालते आणि ती कुठे अडते, ते समजून घेण्यासारखे आहे.

तट्टू ओळखायचे कसे?

ब्रिटनमध्ये घोड्याची उंची ‘हँड’ या मापात मोजतात. एक हँड म्हणजे चार इंच. एक्समूर घोडी साधारण १२.२ हँडपेक्षा (१२७ सेंटीमीटर) उंच नसावी आणि नर १२.३ हँडपेक्षा (सुमारे १३० सेंटीमीटर) उंच नसावा, असा या जातीचा दंडक आहे. इथे ‘१२.२’ म्हणजे बारा पूर्णांक दोन दशांश नव्हे. बारा हँड आणि वर दोन इंच. घोड्याची उंची मानेच्या मुळाशी, खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत मोजतात, डोक्यापर्यंत नाही. म्हणजे हे जनावर मोठ्या माणसाच्या छातीइतके. तरीही बांधा असा भरीव, की मध्यम वजनाचा प्रौढ स्वार त्याच्यावर बसून डोंगर चढू शकतो.

रंग तपकिरी, तांबूस-तपकिरी किंवा मळकट पिवळसर. पाय, आयाळ आणि शेपूट काळी. नाकपुड्यांभोवती आणि डोळ्यांभोवती मात्र फिकट रंगाची लव असते. जनावराने पिठाच्या डब्यात तोंड घालून बाहेर काढावे, तशी. अंगावर पांढरा ठिपका चालत नाही. कपाळावरचा टिळा नाही, पायावरचा पांढरा मोजा नाही. दुसऱ्या जातीचे रक्त मिसळले असेल तर ते बहुधा अशा पांढऱ्या खुणांतून दिसते, म्हणून परीक्षक आधी तेच पाहतात.

बाकीची वैशिष्ट्ये हवामानाशी थेट जोडलेली आहेत. पापण्यांच्या कडा मांसल आणि फुगीर असतात. पाऊस आणि वारा डोळ्यात जाऊ नये यासाठी ही सोय. बेडकाच्या डोळ्याची आठवण होत असल्याने तिला तेच नाव पडले आहे. कान आखूड, म्हणजे त्यांतून उष्णता कमी जाते. शेपटीच्या मुळाशी आखूड केसांचा पंखा असतो. पावसाचे पाणी त्यावरून दोन्ही बाजूंना वाहून जाते आणि पोटाखालचा, मांड्यांमधला नाजूक भाग कोरडा राहतो. पाऊस सुरू झाला की ही तट्टे वाऱ्याकडे पाठ करून उभी राहतात. त्या वेळी या पंख्याचा उपयोग प्रत्यक्ष दिसतो.

सर्वांत मोठी करामत हिवाळ्यातल्या केसांची. तेव्हा अंगावर केसांचे दोन थर येतात: आत लोकरीसारखा मऊ थर आणि बाहेर लांब, तेलकट, राठ केस. पाणी बाहेरच्या थरावरून ओघळते. कातडीपर्यंत पोहोचत नाही. आतल्या थरात अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. ती इतकी चांगली धरली जाते, की पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही. बर्फाचे पांघरूण घेऊन शांतपणे चरणारे तट्टू पाहून नवख्या पर्यटकाला त्याची कीव येते. खरे तर पाठीवर बर्फ टिकून आहे याचा अर्थच असा, की अंगातली उष्णता बाहेर जात नाही. अशा तट्टाला रोज खरारा करून चकचकीत ठेवले तर केसांतले तेल निघून जाते आणि ही छत्री गळू लागते. त्यामुळे माळावरच्या घोड्याला हिवाळ्यात खरारा न करणे हाच शहाणपणा मानला जातो.

राठ गवतावर कसे भागते?

गाय रवंथ करते, घोडा करत नाही. घोड्याच्या अन्नातला तंतुमय भाग जठरात नव्हे तर आतड्याच्या मागच्या, मोठ्या भागात जिवाणूंच्या मदतीने आंबतो. या पद्धतीत प्रत्येक घासातून गाईइतका कस निघत नाही, पण अन्न पोटातून लवकर पुढे सरकते. त्यामुळे घोडा निकृष्ट गवत मोठ्या प्रमाणात खाऊन त्याची भरपाई करतो. दिवसरात्रीतला बहुतेक वेळ तो चरतच असतो. शिवाय आतड्यातले हे आंबणे उष्णता निर्माण करते. थंडीत राठ चारा म्हणजे एक प्रकारची शेगडीच.

हिवाळ्यात एक्समूर तट्टे गॉर्सची काटेरी टोके खातात, मोलिनिया नावाचे वाळलेले, पिवळे पडलेले गवत खातात, हेदर खुडतात. काही वेळा खुराने झाडोरा चेचून मग तो तोंडात घेतात. घोड्याला वरचे आणि खालचे असे दोन्ही पुढचे दात असल्याने तो गवत जमिनीलगत कातरू शकतो. गाय जिभेने वेढून उपटते. एकाच माळावर दोन्ही जनावरे असली तर चराई वेगवेगळ्या उंचीवर होते आणि माळ अधिक विविध राहतो. घोड्यांची आणखी एक सवय: लीद टाकायच्या जागा ते ठरवून घेतात आणि तिथले गवत खात नाहीत. मोठ्या माळावर ही सवय त्यांना जंतांपासून वाचवते. लहान कुंपणात मात्र हीच सवय अडचणीची ठरते, कारण खायची जागा आणि लिदीची जागा यांत अंतरच उरत नाही.

एका लिलावाने सुरू झालेली गोष्ट

एक्समूर हे कित्येक शतके इंग्लंडच्या राजाच्या मालकीचे राखीव क्षेत्र होते. त्याला ‘रॉयल फॉरेस्ट’ म्हणत. त्यात झाडे फारशी नव्हती, ‘फॉरेस्ट’ म्हणजे शिकारीसाठी राखलेला मुलूख. १०८६ सालच्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या त्या प्रसिद्ध जमीन-मोजणीत, या परिसरात न माणसाळवलेल्या घोड्या असल्याची नोंद सापडते. त्या आजच्या एक्समूर तट्टांच्या थेट पणज्या होत्या का, हे त्या नोंदीवरून सांगता येत नाही. पण या माळावर मोकळे घोडे ठेवण्याची रीत किती जुनी आहे, ते कळते.

१८१८ साली राजाने ही जमीन विकली. ती घेतली जॉन नाइट या लोखंडाच्या धंद्यातल्या उद्योजकाने. माळ सुधारून शेती करायची, असा त्याचा बेत होता. त्या काळापर्यंत या मुलखाची देखरेख करणारे सर थॉमस ऑकलंड यांनी जुन्या कळपातली निवडक तीसेक तट्टे शेजारच्या विन्सफर्ड हिलवरच्या आपल्या जमिनीवर नेली. आणखी काही जनावरे आसपासच्या शेतकऱ्यांनी विकत घेतली. ऑकलंड यांच्या कळपाची खूण होती नांगराची. म्हणजे शेतातल्या नव्हे, जहाजाच्या नांगराची. तो कळप ‘अँकर हर्ड’ या नावाने आजही विन्सफर्ड हिलवर चरतो.

नाइटने वेगळा मार्ग धरला. आफ्रिकेतल्या डोंगोला भागातून आणलेल्या उंच, देखण्या घोड्यांशी त्याने माळावरच्या घोड्यांचा संकर केला. पिल्ले उंच झाली, चालीला चांगली झाली, दिसायलाही चांगली झाली. पण माळावरचा हिवाळा त्यांना झेपेना. पैदाशीच्या शास्त्रातला एक मूलभूत धडा इथे उघड दिसतो. उंची वाढली की रोजची भूकही वाढते, आणि माळ तर तितकेच गवत देतो. पातळ कातडी, बारीक केस, लांब सडपातळ पाय हे गुण वाळवंटी उन्हात कामाचे. इथल्या ओल्या थंडीत तेच दोष ठरतात. संकर करू नये असा याचा अर्थ नाही. पण संकरित जनावराला गोठा आणि खुराक लागणार हे धरूनच हिशेब करावा लागतो. नाइटच्या प्रयोगानंतर आसपासच्या काही शेतकरी घराण्यांनी शुद्ध जुनी जात सांभाळली, ती हौसेपेक्षा या व्यवहारी कारणाने. फुकटात जगणारा, मेंढ्या वळायला आणि डोंगर चढायला उपयोगी पडणारा घोडा त्यांना हवा होता.

१९२१ साली या पैदासदारांनी एकत्र येऊन एक्समूर पोनी सोसायटी स्थापन केली. शुद्धता राखणे आणि वंशावळ नोंदवणे हे तिचे मुख्य काम.

पन्नास जनावरे

दुसऱ्या महायुद्धात एक्समूरचा मोठा भाग लष्करी सरावासाठी वापरला गेला. फाटके उघडी राहू लागली, तट्टे रस्त्यांवर आणि शेतांत भटकू लागली. काही सैनिकांच्या नेमबाजीला बळी पडली. काही मांसासाठी चोरीला गेली, कारण शहरांत मांसाची टंचाई होती. युद्ध संपले तेव्हा जातीची उरलेली जनावरे पन्नासच्या आसपास होती: ४६ घोड्या आणि चार नर असा आकडा दिला जातो.

यानंतर मेरी एथरिंग्टन या स्थानिक पैदासकार बाईंनी पुढाकार घेतला. विखुरलेल्या मालकांना पुन्हा पैदाशीसाठी तयार करणे, माळाच्या रस्त्यांवर जनावरे ओलांडू शकणार नाहीत अशा लोखंडी गजांच्या जाळ्या बसवून घेणे, तट्टे लोकांना दाखवून त्यांच्याविषयी आस्था निर्माण करणे ही कामे त्यांनी केली. सोसायटीने आपली पहिली स्वतंत्र वंशावळ-नोंदवही १९६३ साली छापली. आज जगभरात या जातीची काही हजार जनावरे आहेत. धोका टळला, असे वाटेल. पण पैदाशीच्या हिशेबात पन्नास हा आकडा दिसतो त्याहून लहान आहे.

कारण असे. प्रत्येक पिल्लाला अर्धी आनुवंशिकता आईकडून आणि अर्धी बापाकडून मिळते. घोड्या ४६ असल्या तरी पुढच्या पिढीची अर्धी आनुवंशिकता चारच नरांच्या अंगातून येणार. पशुपैदाशीच्या शास्त्रात यासाठी एक साधे सूत्र वापरतात: नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, भागिले एकूण संख्या. म्हणजे ४ × ४ × ४६ भागिले ५०. उत्तर येते सुमारे १५. आनुवंशिक वैविध्याच्या दृष्टीने ही पन्नास जनावरे निम्मे नर आणि निम्म्या माद्या असलेल्या जेमतेम पंधरा जनावरांच्या बरोबरीची होती. इतक्या लहान गटात एका पिढीमागे सुमारे साडेतीन टक्के आनुवंशिक वैविध्य नष्ट होते. हे वैविध्य एकदा गेले की नुसती संख्या वाढवून परत येत नाही. हजारो तट्टे झाली तरी ती त्याच पन्नास जनावरांची नातवंडे-पतवंडे.

म्हणूनच एक्समूरच्या पैदासदाराला घोडीला नर निवडताना ‘सर्वांत देखणा कोण’ हा प्रश्न विचारून चालत नाही. ‘हिच्याशी सर्वांत दूरचे नाते असलेला कोण’ आणि ‘कुठली नरांची शाखा संपत आली आहे’ हे आधी पाहावे लागते. प्रदर्शनात बक्षीस मिळवणाऱ्या एकाच नराकडे सगळ्यांनी आपल्या घोड्या नेल्या तर काही वर्षांत सगळी शिंगरे एकमेकांची सावत्र भावंडे ठरतात. कमी देखण्या पण दुर्मीळ शाखेतल्या नराला संधी देणे जातीच्या हिताचे, पण त्याची शिंगरे विकायला अवघड. जातीचे हित आणि मालकाचा खिसा इथे दर वर्षी समोरासमोर येतात.

वर्षाचे चक्र

घोडी वसंतात, दिवस मोठे होऊ लागले की माजावर येऊ लागते. तिचे चक्र साधारण २१ दिवसांचे. हिवाळ्यात ते बंद असते. गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा. त्यामुळे मे-जूनमध्ये गाभण राहिलेली घोडी पुढच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये विते, तेव्हा माळावर कोवळे गवत आलेले असते. व्याल्यानंतर आठ-दहा दिवसांतच ती पुन्हा माजावर येते. बहुतेक घोड्या रात्री, कुणी नसताना वितात. शिंगरू तासा-दोन तासांत उभे राहून आचळ शोधते. माळावर प्रसूतीला मदत करणारे कुणी नसते. ज्या घोडीला विताना सारखा त्रास होतो, तिचा वंश आपोआप पुढे चालत नाही. काटकपणा टिकतो तो असा, आणि त्यात क्रूरपणा आहे हे नाकारण्यात अर्थ नाही.

कळपात एका वेळी एकच नर ठेवतात. तो पंधरा-वीस घोड्यांचा कळप सहज सांभाळतो, त्यांना एकत्र राखतो, परक्या नराला हाकलतो. पण त्याला कायम ठेवता येत नाही. त्याच्या मुली दोन वर्षांच्या आसपास, काही तर त्याआधीच, माजावर येतात. म्हणून दोन-तीन वर्षांनी नर बदलावा लागतो किंवा मुली बाजूला काढाव्या लागतात. मग पैदासदार एकमेकांशी नरांची अदलाबदल करतात. खराब हिवाळ्यानंतर अशक्त झालेल्या काही घोड्या एखादे वर्ष रिकाम्या जातात. मैदानावरचा घोडापाळ याला नुकसान म्हणेल. माळावरचा मालक म्हणतो, तिने स्वतःला एक वर्ष विश्रांती दिली.

ऑक्टोबरच्या सुमारास ‘गॅदरिंग’ होते. घोडेस्वार आणि चार चाकी मोटरसायकलवरची माणसे माळभर पसरतात आणि कळप हाकत शेतावरच्या कुंपणात आणतात. शिंगरे आईपासून तोडली जातात. घोडीच्या पोटात बहुधा पुढचे पिल्लू असते. हिवाळ्यात दूध आणि गर्भ दोन्ही पोसायला लागले तर ती खंगेल. परंपरेने या वेळी परीक्षक प्रत्येक शिंगरू तपासत: रंग, दात, पांढऱ्या खुणा. पास झालेल्याच्या डाव्या खांद्यावर चार टोकांच्या चांदणीचा डाग देत, त्याखाली कळपाचा क्रमांक आणि मागच्या मांडीवर त्या जनावराचा क्रमांक. आता तापलेल्या लोखंडाने डाग देण्यावर प्राणिप्रेमींचा आक्षेप आहे आणि ओळखीसाठी मायक्रोचिप व डीएनए चाचणी आली आहे. पण चिप वाचायला जनावराच्या जवळ जावे लागते. माळावर दुर्बिणीतून दिसतो तो डागच. हा वाद त्यामुळे वाटतो तितका सोपा नाही.

नर शिंगरांचे काय करायचे?

पैदाशीतला सर्वांत अवघड प्रश्न हा आहे. समजा, वीस घोड्यांच्या कळपात वर्षाला बारा शिंगरे झाली. त्यांतली निम्मी नर. दहा वर्षांत साठ नर जन्मले, आणि त्या कळपाला या काळात पैदाशीचे नर लागले चार-पाच, तेही बहुधा बाहेरच्या कळपातून आणलेले. उरलेल्या पंचावन्न-साठ जणांचे काय?

गाई-म्हशींच्या धंद्यातही हा प्रश्न आहे, पण इंग्लंडमध्ये गोऱ्हे मांसासाठी जाते. घोड्याचे मांस खाणे मात्र तिथल्या समाजाला रुचत नाही. त्यामुळे नर शिंगराला उरतो एकच रस्ता: खच्ची करून, माणसाळवून, मुलांच्या स्वारीसाठी किंवा चराईच्या कामासाठी घर शोधणे. माळावरून थेट आलेले, माणसाचा हात न लागलेले सहा महिन्यांचे शिंगरू हाताळणे हे अनुभवी माणसाचे काम. त्यात वेळ जातो, पैसा जातो, आणि शेवटी मिळणारी किंमत खर्चापेक्षा कमीच असते. ज्यांना घर मिळत नाही त्यांना मारून टाकण्याची वेळ पूर्वी अनेकदा आली आहे. हे टाळण्यासाठी मूरलँड माउसी ट्रस्ट ही धर्मादाय संस्था उभी राहिली. डल्व्हर्टनजवळ तिचे एक्समूर पोनी सेंटर आहे. माळावरून आलेली शिंगरे तिथे हाताळून नव्या घरी पाठवली जातात. संस्थेचे नाव एका एक्समूर तट्टावर लिहिलेल्या, १९२९ साली आलेल्या मुलांच्या पुस्तकावरून घेतले आहे.

सरकारी नियमांत एक सवलत आहे. ब्रिटनमध्ये प्रत्येक घोड्याला पासपोर्ट आणि चिप सक्तीची आहे. एक्समूर, डार्टमूर, न्यू फॉरेस्ट अशा ठिकाणच्या अर्धरानटी तट्टांना मात्र ती माळ सोडून बाहेर जाईपर्यंत सूट मिळते. ही सूट नसती तर एकेका शिंगराच्या कागदांवरच त्याच्या किमतीहून अधिक खर्च झाला असता.

सुबत्तेचा आजार

माळाबाहेर गेलेल्या एक्समूर तट्टाला सर्वांत मोठा धोका उपासमारीचा नसतो, हिरव्यागार कुरणाचा असतो. या जातीचे शरीर उन्हाळ्यात चरबी साठवून हिवाळ्यात ती खर्च करण्यासाठी घडले आहे. खत घातलेल्या, साखरेने भरलेल्या गवतावर ते बारमाही ठेवले तर चरबी साठतच जाते, रक्तातले इन्शुलिन बिघडते आणि लॅमिनायटिस होतो. खुराच्या आतले हाड ज्या नाजूक पडद्यांनी खुराच्या भिंतीला बांधलेले असते, ते पडदे या आजारात सुजतात. वेदना भयंकर असतात. जनावर मागच्या पायांवर भार टाकून, पुढचे पाय लांब करून उभे राहते. वेळीच आवरले नाही तर आतले हाड जागेवरून सरकते आणि काही वेळा जनावराला दया म्हणून मारावे लागते.

म्हणून जाणता मालक हिवाळ्यात तट्टाचे वजन उतरू देतो. वसंतात बरगड्या बोटांना सहज जाणवाव्यात, ही अपेक्षित गोष्ट आहे. हाडांवर कातडी ताणलेली दिसू लागली तर मात्र चारा द्यावाच लागतो. इंग्लंडच्या २००६ सालच्या प्राणी कल्याण कायद्यानुसार मालकाची जबाबदारी माळावरही सुटत नाही. किती उतरू द्यायचे आणि कधी वाळल्या गवताची पेंढी टाकायची, हा अंदाज पुस्तकातून येत नाही. हिवाळ्यात केस इतके दाट असतात, की नुसत्या डोळ्यांनी तट्टू गुबगुबीतच दिसते. बरगड्यांवर हात ठेवून पाहिल्याशिवाय काही कळत नाही, आणि माळावरचे जनावर हात लावू देत नाही.

खडकाळ जमिनीचा एक फायदा खुरांना मिळतो. दगडांवरून रोज मैलोगणती चालल्याने खूर आपोआप झिजतात. नाल लागत नाही. मऊ कुरणात तेच खूर वाढून फाटतात आणि दर सहा-आठ आठवड्यांनी कापावे लागतात. जंतांच्या बाबतीतही माळ सोयीचा: जागा मोठी, जनावरे कमी. लहान कुंपणात औषध द्यावे लागते, आणि आयव्हरमेक्टिनसारख्या औषधांचा अंश लिदीत उतरून शेणकिड्यांना मारतो. म्हणून आता लीद तपासून, जंतांची अंडी खरोखर जास्त असतील तरच औषध देण्याकडे कल आहे.

ओसाड जमीन म्हणजे सुरक्षित जमीन, असे मात्र नाही. नेचा मोठ्या प्रमाणात पोटात गेला तर त्यातला घटक शरीरातले थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. ओकची हिरवी फळे घोड्यांना विषारी. सिकॅमोर झाडाच्या बिया आणि रोपे खाल्ल्यास स्नायू निकामी करणारा, बहुधा जीवघेणा आजार होतो. माळावर वाढलेली घोडी काय टाळायचे ते जाणते, आणि शिंगरू तिच्या मागे चरत चरत ते शिकते, असा पैदासदारांचा अनुभव आहे. नुसती शुद्ध जात आणून नव्या डोंगरावर सोडली आणि सोबत जाणती घोडी नसली, तर पहिल्या वर्षी लक्ष ठेवावे लागते ते याचमुळे.

आदिम घोडा की पाळीव?

एक्समूर तट्टू हा हिमयुगानंतर ब्रिटनमध्ये उरलेल्या रानघोड्याचा अस्सल वंशज आहे, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. फिकट तोंड, एकसारखा रंग, जबड्याची ठेवण यांवरून हा तर्क निघाला. आनुवंशिक तपासणीने त्याला बळ दिलेले नाही: आईकडून येणाऱ्या डीएनएचे जे प्रकार या तट्टांत सापडतात, ते इतर पाळीव घोड्यांतही सापडतात. एकसारखेपणाचे बरेचसे स्पष्टीकरण कडक निवड आणि ती पन्नास जनावरे यांतूनच मिळते. जात जुनी आहे, खडतर हवामानात घडलेली आहे. तिला रानटी ठरवण्याची गरज नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे भीमथडीचे तट्टू आठवेल. भीमा नदीच्या खोऱ्यातली, मराठ्यांच्या फौजांत नाव कमावलेली ही बुटकी, चिवट जात संपली असेच पुष्कळ काळ मानले जात होते. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर भागातले मेंढपाळ धनगर मात्र आपल्या वाड्याचे बिऱ्हाड, कोकरे आणि भांडीकुंडी याच तट्टांच्या पाठीवर लादून दर वर्षी स्थलांतर करत होते. अलीकडे तिला देशातली आठवी नोंदणीकृत घोड्याची जात म्हणून मान्यता मिळाली. दोन्हीकडे जात राखली ती तबेलेवाल्यांनी नव्हे, तर मेंढ्यांमागे चालणाऱ्या माणसांनी. फरक इतकाच, की एक्समूरवर शंभर वर्षांची लेखी वंशावळ आहे आणि आपल्याकडे ती धनगरांच्या तोंडी आहे.

नवे काम

शेतीत ट्रॅक्टर आणि चार चाकी मोटरसायकली आल्यावर तट्टाचे जुने काम संपले. गेल्या काही दशकांत त्याला नवे काम मिळाले आहे: झुडपांनी आणि राठ गवताने गिळलेली जमीन चरून मोकळी करण्याचे. ससेक्समधल्या नेप इस्टेटवर २००३ पासून एक्समूर तट्टे लांब शिंगांच्या गाई आणि डुकरांसोबत मोकळी सोडलेली आहेत. अवघड उतारावर, जिथे यंत्र जात नाही आणि मेंढ्या काटेरी झुडूप खात नाहीत, तिथे त्यांना मागणी असते. या कामाला खच्ची केलेले नर उत्तम. पिल्लांची चिंता नाही, कळपात भांडण नाही. वर्षानुवर्षे नकोशा ठरलेल्या नर शिंगरांना त्यामुळे थोडी किंमत आली.

२०१५ च्या जानेवारीत एक्समूरच्या घोड्यांचा एक गट मालमोटारींतून चेक प्रजासत्ताकात नेण्यात आला. प्रागच्या ईशान्येला मिलोवित्से इथे जुना लष्करी तळ आहे. सैन्य होते तोवर रणगाड्यांनी तिथली जमीन उघडी ठेवली होती; ते गेल्यावर उंच दाट गवताने सगळे झाकून टाकले आणि लहान रानफुले, त्यांवर जगणारी फुलपाखरे मागे हटू लागली. घोड्या भर हिवाळ्यात तिथे उतरल्या. त्यांनी गवत खायला सुरुवात केली, त्याच वर्षी नरही आणला गेला आणि पुढे तिथे जन्मलेली जनावरे त्या देशातल्या इतर राखीव कुरणांकडे रवाना होऊ लागली. युद्धसरावाच्या जमिनीवर ही जात जवळपास संपली होती. आता तशाच एका जमिनीवर तिचा नवा कळप चरतो आहे.